चाकू हातात दे

“एवढ्या पैशात सेकंडहँड गाडी आली असती बे. अन हा चाकू घेऊन राहिला. कांदा तरी कापते का कोणी यानं?” गोविंदा म्हणाला.

“तू रोज गाडी पुसतो, मी काही म्हणतो?” गोलू चिडला.

सदर भागातल्या मोबाईलच्या दुकानात राबून कमावलेलं सारं तो चाकूंत घालायचा. आज पहिल्यांदाच त्यानं घरी गोविंदा आणि नागसेनसमोर चाकूंची पेटी उघडली होती. त्यातला हा घडीचा चाकू सगळ्यात महाग.

“पात्यावरच्या लहरी पाह्य. छापलेल्या नाही. लोखंड तापवून, दुमडून, ठोकून आल्या. बनवणाऱ्याचा हात दिसते मले याच्यात. माह्या हातून असं पूर्ण काहीच झालं नाही आतापर्यंत. म्हणून घेतो.”

नागसेनलाही हा येडेपणाच वाटत होता. पण तो हसला नाही.

गोविंदा गोलूचा आतेभाऊ. गोलूनं मूठ पुढे करून चाकू आधी त्याच्या हातात दिला. गोविंदानं फिरवून पाहिला, परत दिला. मग नागसेननं हात पुढे केला. गोलूनं चाकू त्याच्यासमोर चादरीवर ठेवला.

नागसेनचा हात तसाच राहिला. नववीतून शाळा सोडली तरी त्याचे डोळे असल्या गोष्टी बरोबर टिपायचे. कोण कप वेगळा ठेवतो, कोण आडनाव ऐकून गप्प होतो. गोलूच्या घरात त्यानं कधी असं निरखलंच नव्हतं. गरजच पडली नव्हती. वाटलं, मुकाट्यानं उचलावा, विषय संपला. पण जीभ ऐकते थोडीच.

“हातात दे ना.”

“उचल ना बे. एकच गोष्ट आहे.”

“एक नाही. माह्या आजीले गावात चहा असाच देत होते. खाली ठेवून.”

गोलूचा चेहरा उतरला. त्यानं चाकू उचलला, जरासा थांबला. ते थांबणंही नागसेननं पाहिलं. मग गोलूनं चाकूची मूठ त्याच्या तळहातावर टेकवली.

“झालं?” गोलूनं विचारलं.

“नागसेन,” गोविंदा हळूच बोलला, “गोलूची माय म्हणते, चाकू हातोहात देला का दोस्ती तुटते. म्हणून खाली ठेवला गा त्यानं.”

“तुले तं हातात देला.”

“मी आत्याचा पोरगा. तुटून जाईन कुठं?”

नागसेननं गोलूकडे पाहिलं. गोलू मान खाली घालून चादरीची सुरकुती सरळ करत बसला होता. सुरकुती कधीचीच गेली होती.

चाकू एकदम जड झाला.

“आता वापस कसा देऊ?” नागसेननं विचारलं. “हातात देऊ का खाली ठेवू?”

मग त्यानंच पातं मिटलं, चाकू खिशात टाकला आणि चपला पायात सरकवल्या.

“मंग नाही देत,” तो म्हणाला. “चाल, येतो गोलू. मले निघा लागते आता.”