उणे तीस

गॅसवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं, तरी ललितची मान लॅपटॉपवरून हलली नाही. नाशकात आज सकाळी सात अंश होते आणि आमचा गिझर दिवाळीपासून बंद. पाच वर्षांची रेवा टॉवेल गुंडाळून बाथरूमच्या दारात कुडकुडत उभी होती.

"सेनापती, गिझरवाल्याला फोन झाला का?" मी विचारलं.

"अगं थांब ना, तिकडे उणे तीस आहे!"

तिकडे म्हणजे कुठल्याच नकाशात नसलेल्या देशात. ललितने आणि त्याच्या ऑनलाइन मित्रांनी खेळ म्हणून इतिहास बदलून युरोपच्या उत्तरेला एक बर्फाळ देश उभा केलाय. त्या देशाच्या सैन्याला पुढच्या वीस वर्षांत कोणकोणते रणगाडे लागतील, ते आमचे सेनापती ठरवतात. आज रणगाड्यात हीटर बसवणं चाललं होतं.

"पोरं गारठतात गं आत," तो अगदी कळवळून म्हणाला.

मी पातेलं बादलीत ओतलं. एवढंसं कढत पाणी, विसण घातल्यावर कोमटही उरलं नाही. पहिला तांब्या अंगावर पडताच रेवाने डोळे घट्ट मिटले, मग हळूच विचारलं,



"आई, मला घेतील का गं बाबांच्या सैन्यात?"