आधी ताट, मग नाव

"नाव काय? कुठल्या चर्चच्या मंडळीचे? तिथल्या पाळकांचं शिफारसपत्र आणलंय?"

पाळकांनी दार अर्धंच उघडलं होतं. उरलेल्या अर्ध्यात ते स्वतः उभे होते.

दारातला म्हातारा उन्हातून आला होता. तो पाळकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "राहू द्या, साहेब. पाणी हवं होतं," एवढं म्हणून तो फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत जाऊन टेकला.

पाळक टेबलाशी परतले. उद्याचा उपदेश अडला होता. विषय, परक्याचं आदरातिथ्य. समोर प्राचीन ग्रीकांच्या कथांचं जाडजूड पुस्तक पालथं पडलं होतं. सकाळीच त्यांनी ते मुलीच्या हातून काढून घेतलं होतं. "खोट्या देवांच्या गोष्टी. ख्रिस्ती माणसाला यातून मिळणार काय, कपाळ?"

मुलगी पाण्याचा पेला घेऊन आली. दार बंद होतं.

"घालवलंत त्यांना?"

"चौकशी केली फक्त. कोण, कुठला, विचारायला नको?"

"आलेल्याला आधी जेवू घालावं, पप्पा. नाव मग विचारावं. नाव ऐकून वाढलं, तर ते ओळखीला वाढलं. माणूस उपाशीच."

पाळकांनी झटकन पेन उचललं. आठवडाभर ते हेच तर शोधत होते. त्यांनी वाक्य उतरवलं, खाली रेघ ओढली.

"वा. बायबलच्या कुठल्या अध्यायात गं हे?"

मुलीने पालथ्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. "खोट्या देवांच्या गोष्टींत. तिथे घरोघरी हाच नेम आहे."

पाळकांचे कान तापले. ते अनवाणीच बाहेर गेले. म्हातारा अजून तिथेच होता. त्यांनी त्याला हाताला धरून आत आणलं, स्वतः ताट वाढलं. तो जेवत असताना एका शब्दाने काही विचारलं नाही. मुलगी बघत होती, हेही त्यांच्या ध्यानात होतं.

म्हाताऱ्याने हात धुतले. तेव्हा कुठे पाळकांनी जरा समाधानाने विचारलं, "आता नाव सांगाल?"

म्हातारा टॉवेलने एकेक बोट पुसत राहिला.

"मी तुमच्याच मंडळीचा, साहेब. शेवटचा बाक. नऊ वर्षं दर रविवारी उपासना सुटली, की दारात माझा हात हातात घेऊन तुम्ही 'कसे आहात' म्हणता. नाव आजच विचारलंत."