नमुन्याचे शब्द

माहेरची बोली बोलणाऱ्या आता आई आणि मावशी दोघीच उरल्या होत्या. म्हणून लेकाने शब्द साठवायला आईला प्रोग्रॅम करून दिला. वर्षभर मावशी अंथरुणावरून शब्द सांगायची, आई एका बोटाने टाइप करायची. मग मावशी गेली. वर्षभर अखंड चालू ठेवलेला प्रोग्रॅम आज लेकाने पहिल्यांदाच बंद करून पुन्हा सुरू केला, तर डेटाबेसमध्ये तीनच शब्द: घर, झाड, पाणी. सुरू होताना सगळं पुसून हे नमुने भरणारी ओळ त्यानेच चाचणीपुरती लिहिली होती, काढायची राहिली. दुसरी प्रत नव्हती. “काल मी भलतंच बटण दाबलं रे,” आई रडवेली झाली. “त्यानेच गेलं का सगळं?” जिभेवर आलेलं खरं गिळून तो म्हणाला, “त्यानेच असेल.” “तू नको वाईट वाटून घेऊ,” म्हणत आईनेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.