आधी समुद्र, मग चांदी

दुसरी लाठी बसली तशी दत्तोपंतांच्या हाताचं हाड कडकन मोडलं.

"समुद्राचं पाणी नागपुरात काहून आलं, बोल! मीठ करून राहिला काय बे?" दुकानात घुसलेला ठाणेदार चंपतराव गरजला. मिठाचा सत्याग्रह पेटल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"फोटो करून राहिलो, साहेब," दत्तोपंत कण्हले.

खरंच सांगत होते बिचारे! बर्डीवरच्या त्यांच्या फोटोच्या दुकानात अजून जुनीच रीत चालायची. मुंबईहून मागवलेलं समुद्राचं पाणी आधी कागदाला लावायचं, वर चांदीचं पाणी फिरवायचं आणि कागद उन्हात धरायचा. काळं करायचं काम उन्हाचं. चांदीचं पाणी दिसायला विहिरीच्या पाण्यासारखं, पण कातडीला लागलं आणि ऊन लागलं की डाग आठ-आठ दिवस हटत नसे. हे काम त्यांची बायको वच्छला करायची. तिची बोटं कायम काळी.

पण ठाणेदाराला कुठलं ऐकायचंय! त्याने फळीवरची समुद्राच्या पाण्याची बाटली उचलली आणि दत्तोपंतांच्या डोक्यात घातली. काचा उडाल्या. खारं पाणी आणि रक्त त्याच्या दोन्ही हातांवरून ओघळलं. दत्तोपंत पडले ते हललेच नाहीत.

वच्छला धावली. नवऱ्याच्या नाकापुढे हात धरला. श्वास नव्हता.

"मी इथे आलोच नव्हतो, समजलं?" चंपतराव म्हणाला. "तुझं कोण ऐकणार वं? तू तर त्याची बायको!"

वच्छला उठली. संतापाने तिचे दात करकर वाजत होते. तरी आतून बरणी घेऊन आली.

"हात धुऊन घ्या, साहेब. रक्त लागून आहे."

त्याने हात पुढे केले, चोळून चोळून धुतले, झटकले आणि वैशाखाच्या उन्हात घोड्यावर बसून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे चौकशी झाली.

"त्या दुकानाची पायरीसुद्धा मी चढलो नाही," चंपतरावाने शपथेवर सांगितलं. भर उन्हाळ्यात त्याने हातमोजे चढवले होते.

"मोजे काढाले सांगा, साहेब," वच्छला म्हणाली.

मोजे निघाले. दोन्ही हात काळेठिक्कर.

वच्छलाने आपली काळी बोटं त्या हातांशेजारी धरली.

"आधी समुद्र, मग चांदी, मग ऊन," ती म्हणाली. "आमच्या दुकानचा शेवटला फोटो आहे हा, साहेब."