सहावा आकडा

राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीला दोन दिवस उरले होते. मध्यरात्रीनंतर जनमत चाचण्या दाखवायला बंदी, म्हणून वॉर्साच्या टीव्ही स्टुडिओत निवेदिका कोर्नेलियानं शुक्रवारी संध्याकाळीच सगळे आकडे पडद्यावर शेजारी शेजारी मांडले. पाच संस्थांच्या चाचण्यांत एक उमेदवार चार टक्क्यांनी पुढे होता. सहावी चाचणी लुब्लिनच्या यागोदा रुडनित्स्काच्या छोट्या संस्थेची. तिच्यात दोघं अगदी बरोबरीत होते.

समोर बोगुमिल शिकोरा बसले होते. त्या पाचांतली सर्वांत जुनी संस्था त्यांची.

"शिकोरासाहेब, लुब्लिनच्या बाईंचं गणित कुठं चुकलं?" कोर्नेलियानं हसत विचारलं.

"चुकलं की नाही ते रविवारी कळेल. पण शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळेच दुसऱ्यांच्या आकड्यांकडे बघून आपला आकडा हळूच सरकवतो. एकटं पडायची भीती वाटते. तिनं नाही सरकवला."

"हे इतक्या खात्रीनं कसं सांगता?"

"परवा तिला वडिलांचा फोन आला होता. 'पोरी, तोंडघशी पडशील, ऑफिसला टाळं लागेल. आकडा जरा बाकीच्यांच्या जवळ आण.' ती म्हणाली, 'बाबा, लोक मला जे म्हणाले तेच मी सांगणार,' आणि फोन ठेवून दिला."

"त्यांच्या घरातलं बोलणं तुम्हाला कुणी सांगितलं?"

शिकोरा खुर्चीत ताठ बसले.

"रुडनित्स्का हे तिचं सासरचं आडनाव. फोन मीच केला होता."