डोळे मिटून

कुष्ठरोगाच्या पाहणीसाठी नाचणगावात आलेल्या नर्सिंग शिकणाऱ्या काजलने जिजाबाईंना डोळे मिटायला सांगितलं आणि दंडावरचा फिकट चट्टा बधिर आहे का ते बघायला त्याला पेनाचं टोक लावलं.

“लागलं?”

“लागलं.”

काजलच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने पेन खिशात टाकून पुन्हा विचारलं.

“लागलं ना वं.”

“आजी, आता मी हातच नाही लावला.”

जिजाबाई ओशाळल्या. “तुयी परीक्षा आहे म्हणे. नाई म्हणलं तर नापास करतीन तुले.”

त्याच आठवड्यात औषध सुरू झालं. सहा महिन्यांनी काजलने पुन्हा पेन काढलं, तेव्हा जिजाबाईंनी आपणहून डोळे मिटले. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग टोक टेकलं, तशा हसल्या.

“आता खरंच लागलं. झाली का वं पास?”