चेंडू कुठं आहे?

“ज्याला फुटबॉल कळत नाही, तो आपल्या पेठेचा न्हवंच!” पेठेचा फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमीतल्या वस्तादांचा तो आवाज चाळीस वर्षं झाली तरी हिंदुरावांच्या कानातनं गेला नव्हता.

त्यांच्या बारावीतल्या लेकीनं, संयोगितानं, सहा कॉलेजांच्या संघांकडं अर्ज केले होते. प्रत्येकाला सामन्याचा व्हिडिओ हवा. पोरगी सराव आणि अभ्यासात बुडालेली; व्हिडिओ काढायचे, धाडायचे हिंदुरावांनीच. दोन वर्षं ते उन्हातान्हात मोबाईल धरून उभे राहिले. हात भरून आले, चपला झिजल्या आणि पाच नकार आले.

आज सहावं उत्तर आलं, पुण्याच्या कोच मॅडमचं. पोरीनं थकल्या आवाजात वाचलं, “मुलगी दिसते, खेळ दिसत नाही. चेंडू कुठे आहे? रविवारचा सामना नीट काढून पाठवा.”

तिनं जुना व्हिडिओ लावला. सबंध सामनाभर नुसती संयोगिता. ती धावते, वाकते, सुटलेली वेणी बांधते. लांब कुठंतरी गोल होतो, लोक ओरडतात, आणि मोबाईल तिच्याच घामेजल्या तोंडावर.

ती मटकन पायरीवर बसली. “पप्पा, सगळ्यांना हेच धाडलं व्हय? रविवारी तेवढं चेंडूकडं बघा की!”

हिंदुराव तिच्याशेजारी टेकले. गुडघे चोळत म्हणाले,

“रविवारी दुसऱ्या कुणाकडं तरी मोबाईल दे, पोरी. मला फुटबॉल कळत नाही. कधीच कळला नाही. मी आपला तुलाच बघत होतो.”